आपल्या नाशिकच्या लक्ष्मीबाई



स्मरणिकेसाठी काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी संकोचले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चर्चमधील भगिनींच्या प्रार्थनासभेची जबाबदारी माझ्यावर आली, तेव्हाही असेच झाले होते. "सातवी शिकलेली बाई काय शास्त्र सांगणार?" हे कुणाचे बोलणे माझ्या कानांवर आले होते. त्या दिवसांत मला धीर आला तो लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र वाचून.

लक्ष्मीबाई आपल्याच. १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपुरात गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील सोवळ्याओवळ्याचे फार कडक. शाळा त्यांना ठाऊक नव्हती. लग्न अकराव्या वर्षी, आणि वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, पती नारायण वामन टिळक यांच्याकडून.

१८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. पदरात लहानगा दत्तू. काही वर्षे त्या पतीपासून दूर, बराच काळ पंढरपुरास, बहिणीच्या घरी राहिल्या. पुढे टिळकांकडे आल्या तरी चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा विचार लक्ष्मीबाईंनी स्वतःच केला. उत्तर सापडले तेव्हा सोवळे सुटले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे त्यांच्या घरात पोरक्या मुलांना आसरा मिळाला. कवी बालकवी ठोंबरे यांनाही त्यांनी माया लावली. १९१९ साली टिळक वारले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' या बाईंनी साठाहून अधिक अध्याय लिहून पुढे नेले. १९३३ साली नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे'चे भाग प्रसिद्ध होऊ लागले. १९३६ साली नाशिकलाच त्यांनी देह ठेवला.

आता माझी एक चूक सांगते. आमच्या सभेत एक नवी सून दाराशी बसत असे. "तुम्ही प्रार्थना करा," असा मी तिला दोनतीनदा आग्रह केला. ती यायचीच बंद झाली. मी मनात तिलाच दोष दिला. पुढे 'स्मृतिचित्रे' पुन्हा हाती घेतले, आणि लक्ष्मीबाईंची ती वेगळी चूल वाचताना माझे मलाच वाईट वाटले. एवढ्या मोठ्या बाईला वेळ लागला, मग या पोरीला मी चार आठवडेही देऊ नयेत?

मी तिच्या घरी गेले. दोघींनी मिळून मेथी निवडली. सभेचे नावही काढले नाही. महिन्याभराने ती आपण होऊन आली. अजून दाराशीच बसते. बसू दे.

पुढारीपण म्हणजे पुढे बसून बोलणे, असे मला वाटत असे. मागे बसलेलीसाठी थांबता आले पाहिजे, हे मला उशिरा कळले. हे शिकायला सातवी पुरते. ज्या भगिनींनी 'स्मृतिचित्रे' वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे, ही विनंती.