चाक रुतते तेव्हा

हिंगोलीत बर्फ पडत नाही. मे महिन्यात येथे पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे जर्मनीतले लोक हिवाळा तोंडावर आला की मोटारीचे चारही टायर बदलून टाकतात, असे वर्गात सांगितले तर मुलांना गंमत वाटते. 'ऑक्टोबर ते ईस्टर' असा तिकडचा ठोकताळा आहे : ऑक्टोबरात हिवाळी टायर चढवायचे आणि ईस्टरला उतरवायचे. बर्फाळलेल्या रस्त्यावर साध्या टायरांनी गाडी चालवणे तेथे २०१० पासून स्पष्टपणे दंडास पात्र आहे. मग एखादा विद्यार्थी विचारतो, "टायर म्हणजे टायर. त्यात उन्हाळी आणि हिवाळी काय?"

प्रश्न चांगला आहे. पण त्याचे उत्तर शोधायला जर्मनीला जाण्याआधी कयाधूच्या काठी जायला हवे. आपल्याकडेही असाच एक ठोकताळा होता, 'मृग ते दसरा'. या काळात काळ्या रानात चाक बदलत नसत, चाक थांबतच असे. चाक आणि जमीन यांचे नाते समजून घ्यायला काळ्या मातीइतका कडक परीक्षक क्वचितच मिळेल.

काळ्या मातीचा स्वभाव

आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट गटातील चिकणखनिजे भरपूर असतात. त्यांचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून गेले की ती आकसते आणि पायाचा पंजा अडकेल अशा भेगा पडतात. भिजलेल्या मातीत हे पापुद्रे एकमेकांवरून सहज सरकतात.

चाकाच्या दृष्टीने पाहिले तर येथे तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत. माती भार पेलत नाही म्हणून चाक रुतते. पृष्ठभाग निसरडा होतो म्हणून चाक घसरते. आणि माती चाकाला चिकटून बसते म्हणून चाक जड होते. रुतणे, घसरणे आणि चिकटणे हे तीन शब्द ध्यानात ठेवावेत. पुढची सारी हकीकत त्यांच्याभोवतीच फिरते.

हिंगोली जिल्ह्यात सगळीकडे माती सारखी नाही. औंढा, सेनगावकडच्या डोंगराळ भागात मातीचा थर पातळ असून खाली मुरूम लागतो; पूर्णा आणि कयाधूच्या खोऱ्यांत मात्र भारी काळी जमीन खोलवर आहे. पातळ थर असेल तेथे अरुंद चाक चिखल कापून खालच्या मुरमावर टेकते आणि चालू लागते. खोल काळीत खाली टेकायला काहीच नसते. तेथे अरुंद चाक कणा टेकेपर्यंत खाली जाते.

या अडचणीवर जुन्या काळी काढलेला तोडगा म्हणजे चाकच नको, हा होता. लमाण म्हणजेच बंजारा समाजाचे तांडे धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवरच्या गोणींतून नेत. १८०३ साली असईच्या लढाईसाठी मराठवाड्यात उतरलेल्या आर्थर वेलस्लीच्या फौजेलाही धान्य पुरवण्यात अशा बंजाऱ्यांचा मोठा वाटा होता. बैलाचा खूर दुभंगलेला असतो. भार पडला की तो फाकतो आणि पाय उचलताना मिटतो, त्यामुळे चिखलातून सुटणे सोपे जाते. मराठी फौजांचे सीमोल्लंघन दसऱ्याला होई, यामागे धर्म आणि परंपरा होतीच. पण वाळू लागलेली वाटही होती.

लोखंडी धाव

दसरा झाला की गाड्या निघत. बैलगाडीचे चाक हा आपल्या सुतार-लोहारांच्या कौशल्याचा उत्तम नमुना होता. मधोमध तुंबा, त्यातून निघालेले आरे, कडेला लाकडी तुकड्यांचे वर्तुळ आणि त्यावर लोखंडी पट्टा, म्हणजे धाव. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करीत. गोवऱ्यांच्या आरात ती लाल करायची, प्रसरण पावली की चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. आकसताना ती साऱ्या लाकडांना आवळून धरते. याचे गणित वर्गात सहज मांडता येते. लोखंडाची लांबी दर अंश सेल्सिअसला मूळ लांबीच्या सुमारे ०.००००१२ पट वाढते. चार मीटर परिघाची धाव ५०० अंशांनी तापवली, तर ती सुमारे २.४ सेंटिमीटर वाढेल. लोहाराला गुणक माहीत नव्हता, पण धाव किती आखूड ठेवायची हे नेमके माहीत होते.

हे चाक उंच असे, म्हणून दगड आणि खड्डे ते सहज ओलांडी. मात्र धाव अरुंद. समजा भरलेली गाडी हजार किलोची आहे. प्रत्येक चाकावर पाचशे किलो भार येईल. धाव पाच सेंटिमीटर रुंद आणि जमिनीला दहा सेंटिमीटर लांबीपर्यंत टेकलेली धरली, तर क्षेत्रफळ झाले पन्नास चौरस सेंटिमीटर आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो. साठ किलोचा माणूस दोन्ही पायांवर उभा राहतो तेव्हा हा दाब जेमतेम पाव किलोच्या आसपास असतो. ज्या रानातून आपण चपला हातात घेऊन कसेबसे जातो, तेथे या चाकाची काय गत होईल, हे वेगळे सांगायला नको.

कोरड्या दिवसांत हीच धाव वाटेवर दोन खोल चर पाडते. त्याच चाकोऱ्या. 'चाकोरीबाहेर जाणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो, पण गाडीवानाला ते खरोखरच अवघड असे. पक्क्या रस्त्यांवरही धावेमुळे खडी फुटून तिचा भुगा होई. मोटारी वाढल्यावर रस्त्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. पेट्रोलवरील करातून रस्त्यांसाठी निधी उभारण्याची कल्पना तिच्याच शिफारशींतून आली. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली आणि १९४३ मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांनी देशव्यापी रस्त्यांचा आराखडा केला. एकाच रस्त्यावर मोटारीचे रबरी चाक आणि गाडीची लोखंडी धाव कशी नांदवायची, हा त्या काळच्या अभियंत्यांपुढचा एक कायमचा पेच होता.

पशुवैद्याचे टायर

रस्ता बदलण्याऐवजी चाक बदलले तर? या विचाराला मोठा इतिहास आहे. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक घालून रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली. १८४५ मध्ये स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. गाडी ओढायला लागणारे बळ कमी व्हावे, हाच त्यांचा हेतू होता. मोटार तेव्हा अस्तित्वात नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे घोडागाडी होती. त्या टायरला गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टचे जॉन डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना पुन्हा, स्वतंत्रपणे शोधली. डनलॉप व्यवसायाने पशुवैद्य होते.

या पशुवैद्याच्या नावाच्या कंपनीने १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे कारखाना काढला, आणि हळूहळू रबरी टायर भारतीय बैलगाडीलाही लागले. ग्रामीण महाराष्ट्रात अशा गाडीला आजही 'डनलॉप' किंवा 'टायरगाडी' म्हणतात.

टायरने नेमके काय साधले? हवेच्या टायरखाली जमिनीवर पडणारा दाब साधारणपणे आतील हवेच्या दाबाइतका असतो. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो दाब असेल, तर पाचशे किलो भारासाठी टायर दोनशे चौरस सेंटिमीटर टेकतो. म्हणजे धावेच्या चौपट जागा आणि चौथाई दाब. चाक कमी रुतते आणि बैलाचे ओढणे हलके होते.

या फरकाची कायद्यानेही नोंद घेतली आहे. ओझ्याच्या जनावरांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारे नियम १९६५ मध्ये झाले. त्यांत मध्यम बांध्याच्या एका बैलामागे दुचाकी गाडीचा कमाल भार असा ठरवला आहे : रबरी टायर नसेल तर ७०० किलो, रबरी टायर असेल तर १०५० किलो आणि बॉल बेअरिंग असेल तर १४०० किलो. बैल तोच आहे. बदलले आहे ते चाक.

मात्र येथे एक गोष्ट नजरेतून सुटते. बैलगाडीचे टायर बहुधा गुळगुळीत किंवा उथळ नक्षीचे असले तरी चालतात. असे का?

चाकाला खूर फुटले

कारण बैलगाडीचे चाक गाडी ओढत नाही, ते फक्त फिरते. जमिनीला पकडून मागे रेटण्याचे काम बैलाचे खूर करतात. मोटारीत बैल नाही. तेथे रुतायचे नाही हे काम चाकाचेच आणि जमीन पकडून पुढे जायचे, वळायचे, थांबायचे हे कामही चाकाचेच. खुराचे काम चाकाकडे आले, म्हणून चाकाला खूर फुटावे लागले. टायरवरची नक्षी म्हणजे हे खूर होत.

ट्रॅक्टरच्या चाकांवर हे ठसठशीत दिसते. पूर्वी ती लोखंडी आणि दातेरी असत. १९३२ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने हवेचे टायर लावलेला ट्रॅक्टर बाजारात आणला, आणि दहा-बारा वर्षांतच तिकडे लोखंडी चाक मागे पडले. ट्रॅक्टरच्या टायरवरचे जाड तिरपे पट्टे मातीत रुतून तिला मागे रेटतात. पट्ट्यांमधली जागा मुद्दाम मोठी आणि बाहेरच्या बाजूला उघडी ठेवलेली असते, म्हणजे चाक फिरताना चिखल आपोआप गळून पडतो. चिखल अडकून राहिला तर नक्षी भरून जाते आणि टायर गुळगुळीत होतो.

आता बर्फाकडे वळू. फिनलंडमधील रबर कारखान्याने, ज्याचे वारस आज नोकियन या नावाने ओळखले जातात, १९३४ मध्ये मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर केला. १९३६ मध्ये मोटारींसाठीचा 'हक्कापेलिट्टा' आला. पहिल्या नजरेत ही नक्षी चिखलाच्या टायरसारखीच वाटते. पण येथे निसर्गाने गंमत केली आहे. चिखलाच्या टायरने चिखल फेकून द्यायचा असतो; बर्फाच्या टायरने थोडा बर्फ धरून ठेवायचा असतो. भुसभुशीत बर्फ दाबला की घट्ट होतो आणि बर्फाला बर्फ चांगला चिकटतो. मुले बर्फाचे गोळे करतात ते याच गुणावर. खाचांत भरलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या पातळ चिरा असतात. चाक टेकले की त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या असंख्य कडा बर्फाला ओरखडतात.

दुसरा फरक रबराचा. तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर ताठर होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत मावेनासे होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहील असे बनवतात. तो टायर हिंगोलीच्या मे महिन्यात वापरला तर भराभर झिजेल. जर्मनीत उत्तम ठरलेला टायर येथे वाईट ठरतो, तो यामुळे.

या दोन भिन्न गरजा बरीच वर्षे एकाच शिक्क्याखाली नांदल्या. टायरवर 'एम+एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, असे उमटवत. पण ते केवळ नक्षी पाहून, प्रत्यक्ष बर्फावरची परीक्षा न घेता. म्हणून १९९९ मध्ये तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे नवे चिन्ह आले, आणि ते मिळवण्यासाठी बर्फावरची चाचणी सक्तीची झाली. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून नुसता 'एम+एस' शिक्का हिवाळी टायर म्हणून चालत नाही.

आणखी एक गैरसमज येथे दूर करायला हवा. चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळणारी गाडी बर्फात सुरक्षित, असे अनेकांना वाटते. अशी गाडी निघते लवकर, पण थांबताना इंजिन कामाचे नसते. थांबवतो तो टायरच. आपल्याकडून मनालीकडे सहलीला जाणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

फायदा कोणाचा?

चाकाच्या या इतिहासाला एक कडू बाजूही आहे. टायरमुळे ओढणे हलके झाले, पण त्याचा लाभ बैलाला मिळालाच असे नाही. ऊसतोडीच्या हंगामात टायरगाडीवर रचलेली मोळ्यांची भिंत आपण सर्वांनी पाहिली आहे. वाचलेले बळ ओझे वाढवण्यात खर्च झाले. उताराला तर टायरगाडी सहज पळत असल्याने, ब्रेक नसेल तर सारा भार बैलांच्या मानेवर येतो. १९६५ च्या नियमांत एक किलोमीटरहून लांब आणि तीव्र चढासाठी भार निम्मा करायला सांगितले आहे. नियम कागदावर आहे. मोळ्या मोजणारा मात्र क्वचित दिसतो.

माणसांचेही तसेच. मृगाच्या पहिल्या सरीनंतर शेतातून ट्रॅक्टरने आणलेली काळी माती डांबरावर पसरते, आणि घोटून गुळगुळीत झालेल्या टायरची मोटारसायकल तिच्यावरून जाते. बर्फ नसलेल्या हिंगोलीतला हा बर्फच होय. आपल्याकडे नक्षीची खोली मोटारीला किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीला ०.८ मिलिमीटर असावी असा नियम आहे. ऑस्ट्रियात हिवाळी टायरला चार मिलिमीटर लागते.

वर्गात एवढे करून पाहावे. सायकलच्या मागच्या टायरला खडूचा ओला लेप द्या, ती आलेख कागदावर अलगद टेकवा आणि एका विद्यार्थ्याला वर बसवा. उमटलेल्या ठशाचे चौकोन मोजा. हवा थोडी कमी करून पुन्हा मोजा. मग शाळेबाहेर उभ्या असलेल्या दुचाकींच्या नक्षीची खोली पट्टीने मोजून तक्ता करा. त्या तक्त्यात शिक्षकांच्या गाड्याही असाव्यात.