ज्याची त्याची कोठी

संगणकाच्या इतिहासात स्मृतीच्या वाढत्या क्षमतेचे आकडे हमखास दिले जातात. ती स्मृती वाटून देणाऱ्या अ‍ॅलोकेटरची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. चालता प्रोग्राम गरजेनुसार स्मृतीचे लहानमोठे तुकडे मागतो आणि काम झाले की परत करतो. ज्या जागेतून ते दिले जातात तिला ‘हीप’, म्हणजे चक्क ढीग म्हणतात. (नाव प्रामाणिक आहे.) घेण्याचा आणि परतण्याचा क्रम एक नसल्याने मधेमधे फटी पडतात, एकूण जागा पुरेशी असूनही सलग जागा मिळत नाही. अ‍ॅलोकेटर हा या ढिगाचा कोठावळा.

सार्वजनिक कोठावळा धिमा, म्हणून स्वतःची कोठी बांधण्याचा मोह जुना आहे. १९८६ ते १९९१ या काळात जीएनयूच्या सी प्लस प्लस लायब्ररीचे मुख्य लेखक असलेले डग ली यांनीही आधी निरनिराळ्या क्लासेससाठी स्वतंत्र अ‍ॅलोकेटर लिहिले. ही रीत टिकणारी नाही हे जाणून ते सर्वांना पुरेल अशा एका अ‍ॅलोकेटरकडे वळले. त्यात प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांशी आकाराची नोंद असते, त्यामुळे शेजारचे रिकामे तुकडे चटकन सांधता येतात. ही युक्ती डोनाल्ड कनूथ यांच्या १९६८च्या ग्रंथात आहे. लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा जीएनयूचा अ‍ॅलोकेटर ली यांच्याच कुळातला.

२००२ साली बर्जर, झॉर्न आणि मॅकिन्ली यांनी खासगी कोठ्या असलेले आठ प्रोग्राम तपासले. सहांच्या बाबतीत ली यांचा अ‍ॅलोकेटर तितकाच किंवा अधिक सरस ठरला. उरलेल्या दोघांत सुटे तुकडे न परतता सबंध प्रदेशच एकदम मोकळा करण्याची पद्धत होती. तिथे वेगाचा लाभ खरा होता, पण तोवर स्मृती अडकून राही.

एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. एका मागणीत ६४ किलोबाइटपर्यंतचा परका मजकूर बाहेर पडू शकत होता. मूळ चूक लांबी न तपासण्याची. परंतु ओपनएसएसएल परत आलेले तुकडे स्वतःच्याच यादीत ठेवून पुन्हा वापरत असे. परतलेली जागा बंद करण्याचा ओपनबीएसडीच्या अ‍ॅलोकेटरचा बंदोबस्त तिथवर पोचतच नव्हता. थिओ दे राट यांनी यावर कडवट टीका केली. ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्याच महिन्यात ती संहिता वेगळी काढून लिबरएसएसएलचे काम आरंभले, आणि ही खासगी कोठी सुरुवातीलाच उखडून टाकली.