रामचंद्रबाबा सुखटणकर

मंगेशी गाव १७३९ साली पेशव्यांनी श्रीमंगेशास इनाम दिला, हे आपल्या महाजनमंडळींस ठाऊक आहे. ज्यांच्या शब्दावरून तो दिला गेला, त्या रामचंद्र मल्हार सुखटणकरांची आठवण मात्र क्वचितच निघते. इतिहासाच्या पानांत ते रामचंद्रबाबा शेणवी या नावाने भेटतात.

मूळचे हे वाडी संस्थानातील आरवलीचे, वेतोबाच्या गावचे कुळकर्णी. गावची दप्तरे लिहिणारा हा सारस्वत बाजीरावाच्या सेवेत शिरला आणि राणोजी शिंद्यांचा दिवाण झाला. माळव्यात मराठ्यांचा अंमल तेव्हा नुकता कोठे बसू लागला होता. तलवारीने मिळविलेला मुलूख वसुलात आणि तहनाम्यांत टिकविणे हे काम दिवाणाचे. ते बाबांनी चोख बजाविले. त्याच काळात त्यांनी उज्जयिनीस महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. तेराव्या शतकात अल्तमशाने ते पाडल्यास तोवर पाच शतके होत आली होती.

मंगेशीच्या इनामाची वेळही पाहण्याजोगी आहे. १५६० साली कुशस्थळीहून जुवारी ओलांडून प्रियोळास आलेले हे दैवत. १७३९ मध्ये मराठी फौजा साष्टीत उतरल्या होत्या आणि मे महिन्यात वसई पडली. कुलदैवतासाठी शब्द टाकण्यास याहून चांगला समय कोणता? भक्ती आणि मुत्सद्देगिरी येथे एकत्र नांदली, असे आम्हांस वाटते, आणि त्यात आम्हांस काही वावगे दिसत नाही.

पुढचा भाग तितका सोपा नाही. १७४५ साली राणोजी वारले. मल्हारराव होळकरांचे बाबांशी जमत नसे. जयाप्पांच्या अमदानीत त्यांची दिवाणी गेली. एखादा गावी परतून देवधर्मात रमला असता. बाबा पुण्यास आले आणि तरुण सदाशिवराव भाऊंना राजकारण आणि हिशेब यांचे धडे देऊ लागले.

डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले. पुढल्या वर्षी सांगोल्यास रामराजांकडून कारभाराची सर्व सत्ता पेशव्यांकडे लिहून घेण्यात आली. त्या मसलतीमागे बाबांची बुद्धी होती, असे ग्रँट डफ लिहितो. दौलतीस एक धनी हवा होता, हे आम्ही मान्य करू. पण शिवछत्रपतींच्या गादीवरील राजा त्या दिवसापासून नावाचाच उरला, हे का विसरावे? ज्या लेखणीचे मंगेशीत आम्ही कौतुक करतो, तीच सांगोल्यासही चालली.

तेवढ्यावरही बाबा थांबले नाहीत. महादोबा पुरंदऱ्यांच्या जागी कारभार आपणांस मिळावा, असा आग्रह भाऊंनी धरला तोही त्यांच्याच सल्ल्याने. न दिल्यास कोल्हापूरकरांची पेशवाई पत्करीन, इथवर चुलतभावांच्या त्या घरात गोष्ट गेली. घर फुटते असे पाहून पुरंदरे बाजूला झाले आणि कारभार भाऊंच्या हाती आला. दहा वर्षांनी तेच भाऊ दक्षिणेची फौज घेऊन पानिपतास गेले.