तासाच्या बोलीवर सायकल

पुण्यात नारायण पेठेत वडिलांचं सायकलींचं दुकान होतं. भाड्यानं द्यायच्या चोवीस सायकली, मडगार्डवर पांढऱ्या रंगातले नंबर, भिंतीवर टोल्यांचं घड्याळ आणि एक लांबोडकी वही. वहीत गिऱ्हाइकाचं नाव, सायकलचा नंबर, नेल्याची वेळ. अनामत घेतलेली मला आठवत नाही. अनोळखी माणसानं पेठेतलं कुणी ओळखीचं आणलं की झालं.

१२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर दुकानात सायकली दिसेनात, नुसता गाळ. पुढे महिनाभर वडील आणि काका परातीत रॉकेल घेऊन एकेक छर्रा धूत बसले. कोन, कप, चेन सगळं उकललं, ग्रीस भरलं, चाकांचा आऊट काढून ती सरळ केली. चोवीसातल्या एकोणीस पुन्हा रस्त्यावर आल्या. "लोकांनी कामाला जायचं कसं?" एवढंच वडील म्हणत.

ते खरंच होतं. पहाटे खडकीच्या कारखान्याकडे कामगारांची रांग लागे, मग दूधवाले, मग कॉलेजची मुलंमुली. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत ते उगाच नव्हे. शनिवारवाड्यापासून फर्ग्युसनपर्यंत सायकलनं पंधरा मिनिटंही लागत नसत. महापालिकेचा कर भरून पितळी बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की पोलीस अडवत. सायकल हे पोरखेळाचं नव्हे, वाहतुकीचं साधन आहे हे सरकारही मानत होतं.

स्कूटरनं सायकल संपवली असं सांगतात. मला ते अर्धंच पटतं. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. १९७२ साली पुण्याच्याच कायनेटिकची लूना मोपेड आली, तिनं आमचं नेहमीचं गिऱ्हाईक नेलं. पण खरा घाव नंतर बसला. भाड्याचा धंदा बसला तशी दुकानं मिटली, आणि दुकानाबरोबर कोपऱ्यावरचा पंप, पाण्याची बादली, सोल्युशनची ट्यूबही गेली. ज्यांच्या घरी स्वतःची सायकल होती त्यांनाही पंक्चर झाली की दोन मैल ढकलत न्यावी लागू लागली. एकदा ढकलली, दोनदा ढकलली, मग ती जिन्याखाली गेली. वडिलांनी १९८६ला दुकान बंद केलं.

२०१७ साली महापालिकेनं सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास मोबाइलवरून उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. मी आनंदानं एक घेतली. डेक्कनवर चेन पडली. चेन बसवायला हात होते, पण ब्रेकही ढिला होता आणि पान्हा मागायला आसपास कुणी नव्हतं. दोन-तीन वर्षांत त्या बहुतेक सायकली दिसेनाशा झाल्या. सायकली पुष्कळ आणल्या होत्या, दुकानदार आणला नव्हता.

शहर पसरलं हे मान्य. तरी भाजी, शाळा, बँक, क्लास आजही बहुतेकांना दोन-तीन किलोमीटरांतच असतो. महापालिकेनं प्रत्येक मंडईलगत दहा बाय दहाचा एक गाळा नाममात्र भाड्यानं सायकल दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. वडिलांचा पितळी पंप माझ्याकडे आहे आणि अजून हवा भरतो. कुणी तरुण असं दुकान टाकणार असेल, तर त्यानं तो घेऊन जावा. आऊट काढायला मी शिकवीन.