चिलटांची बखर

दिवाळीत घरोघर केळ्यांचे घड येतात आणि त्यांच्या पाठोपाठ न बोलावलेली चिलटेही येतात. लहानपणी त्यांना फडक्याने हाकलण्याचे काम माझ्याकडे असे. पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र घेतले, आणि याच चिलटांच्या अमेरिकेतील भाऊबंदांची हकीकत वाचून मी थक्क झालो. बखर म्हटली की राजे आणि लढाया आल्या. या बखरीत एक चिलट आहे आणि स्वतःचेच म्हणणे खोडावे लागलेला एक माणूस आहे.

पेशीतील गुणसूत्रांवर जनुके ओळीने बसलेली असतात, पंगतीत पाने मांडावीत तशी. क्वचित असे घडते की गुणसूत्र दोन ठिकाणी तुटते, मधला तुकडा गर्रकन फिरतो आणि उलटा जोडला जातो. क ख ग घ च असे असते तिथे क घ ग ख च असे होते. अक्षर एकही हरवत नाही, क्रम तेवढा बदलतो. दोन जवळच्या जातींच्या चिलटांत अशी उलटापालट झालेली आहे, हे आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९२१ साली केवळ संकरांच्या हिशेबावरून दाखविले. तुकडा डोळ्यांनी कोणी पाहिला नव्हता.

तो दिसू लागला १९३३ नंतर. टेक्सासच्या पेंटर यांनी चिलटाच्या अळीच्या लाळग्रंथींतील अजस्र गुणसूत्रांचा उपयोग दाखवून दिला. त्यांच्यावर लुगड्याच्या काठासारखे आडवे पट्टे असतात. आईकडून सुलटा आणि बापाकडून उलटा तुकडा आला, तर जुळणारे पट्टे शेजारी यावेत म्हणून गुणसूत्राला चक्क वेटोळे पडते. हे वेटोळे मी विद्यार्थी असताना प्रयोगवहीत फार सुबक काढले होते. आमच्या गुरुजींनी वही पाहून एवढेच विचारले, “हे काचेखाली पाहिलेस की पुस्तकातून उतरवलेस?” मी उतरवले होते. त्या दिवशी पुन्हा अळी कापायला बसलो. वेटोळे काही सापडले नाही. पट्टे मात्र दिसले, आणि ते अजून डोळ्यांपुढे आहेत.

थिओडोसियस डोब्झान्स्की १९२७ साली रशियातून अमेरिकेत आले. स्टर्टेव्हंट त्यांचे स्नेही, आणि बऱ्याच अंशी गुरूही. दोघांनी मिळून स्यूडोऑब्स्क्युरा नावाच्या रानचिलटाच्या तिसऱ्या गुणसूत्राचे नाना क्रम शोधले आणि त्यांतील कित्येकांना पाइक्स पीक, चिरिकाहुआ अशी डोंगरदऱ्यांची नावे दिली. कोणत्या क्रमातून कोणता निघाला हे लावीत १९३६ साली त्यांनी या चिलटांची वंशावळच मांडली. मला या कामाचे फार अप्रूप वाटते. कागदपत्रांवाचून लिहिलेला इतिहासच तो! पण याच सुमारास दोघांचे बिनसले, आणि १९४० साली डोब्झान्स्की न्यूयॉर्कला निघून गेले.

तोवर त्यांची समजूत अशी होती की हे क्रम म्हणजे नुसत्या खुणा. त्यांचे चिलटाला सुखही नाही, दुःखही नाही. कॅलिफोर्नियातील सान हासिंतो पर्वतावर आंबवलेल्या केळ्याचे आमिष लावून चिलटे धरली जात. ती महिन्यामागून महिने मोजली तेव्हा वेगळेच दिसले. वसंतात ‘स्टँडर्ड’ क्रमाचे प्रमाण घसरे, ‘चिरिकाहुआ’चे वाढे, उन्हाळा भरात आला की उलट होई. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नुसत्या खुणा ऋतुमानाप्रमाणे कशा हलतील? १९४३ साली डोब्झान्स्की यांनी छापून टाकले की हे काम निवडीचे आहे. मग पेट्यांत चिलटे पाळून पाहिली. २५ अंश उष्णतेत स्टँडर्ड शेकडा ७० च्या आसपास चढून तिथेच थांबला. साडेसोळा अंशांत काहीच हालले नाही. तो शंभरावर गेला नाही, कारण दोन्ही क्रम एकेक मिळालेली चिलटेच सर्वांत तगडी निघाली.

याचे मर्म त्या वेटोळ्यात आहे. प्रजननपेशी तयार होताना आईबापांकडून आलेल्या जनुकांची सरमिसळ होते. उलट्या तुकड्यात ती पुढच्या पिढीपर्यंत पोचतच नाही म्हटले तरी चालेल. त्यामुळे एखाद्या ठिकाणच्या हवेला मानवणारी जनुके एकाच गाठोड्यात बांधलेली राहतात आणि परक्यांशी संकर झाला तरी विखुरत नाहीत.

पुढे तर याहून नवल. याच चिलटाचा एक ‘ब’ वंश मानला जाई. १९४४ साली त्याला पर्सिमिलिस नावाची स्वतंत्र जात ठरवण्यात आले. दोघांचा संकर झाला तर नर वांझ निपजतात. ही वांझपणाची जनुके बव्हंशी उलटलेल्या तुकड्यांत आहेत, असे मोहम्मद नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखविले.

अमेरिकेच्याच पश्चिम किनाऱ्यावर मिम्युलस नावाचे पिवळ्या फुलांचे रोप आहे. धुक्याच्या किनाऱ्यावर ते वर्षानुवर्षे जगते. आत, जिथे उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, तिथे एका हंगामात फुलून मरते. लोरी आणि विलिस यांना दोघांत एक मोठा उलटा तुकडा आढळला. त्यांनी संकर करून तो एकीतून दुसरीत नेला आणि रोपे दोन्हीकडे लावली. २०१० साली त्यांनी निष्कर्ष छापला: आतल्या भागात किनाऱ्याचा तुकडा असलेल्या रोपांना फुलायला उशीर झाला, आणि त्यांतली पुष्कळशी फुलण्याआधीच सुकली.