तगाई, अनुदान, सन्मान : तीन शब्दांचा इतिहास

शेतकऱ्यास मिळणाऱ्या सरकारी द्रव्यसाहाय्याचा इतिहास त्यासाठी योजिलेल्या शब्दांतूनही वाचता येतो. ‘तगाई’ हे अरबी ‘तकावी’चे मराठी रूप. मुळात त्याचा अर्थ बळ देणे. ‘तगणे’ या क्रियापदाशी असलेल्या ध्वनिसाम्यावरून मात्र त्याची व्युत्पत्ती लावू नये. मोगल व मराठी अमदानीत बी-बैलांसाठी दिलेली ही उचल पीक हाती आल्यावर परत करावी लागे.

इंग्रजी राज्यात १८८३ च्या अधिनियमाने विहिरी, बांधबंदिस्ती इत्यादींसाठी, तर १८८४ च्या अधिनियमाने बी, गुरे व आपत्तिनिवारण यांसाठी कर्जे देण्याची तरतूद झाली. नागपूर ज्यात मोडे त्या मध्य प्रांतातही १८९६-९७ च्या दुष्काळात अशी तगाई वाटण्यात आली. तिची वसुली जमीन महसुलाप्रमाणे होई; म्हणजे हे बळ वस्तुतः ऋणच होते.

स्वातंत्र्योत्तर काळात रूढ झालेल्या ‘अनुदान’ या शब्दात परतफेड अभिप्रेत नाही. २०१९ मध्ये केंद्राने वार्षिक ६,००० रुपयांचा ‘सन्मान निधी’ सुरू केला. २०२३ मध्ये महाराष्ट्राने त्यात तितकीच भर घातली.

ऋणाकडून दानाकडे व दानाकडून सन्मानाकडे झालेला हा प्रवास उन्नतीचा भासतो. परंतु १८८४ च्या अधिनियमात मालकाबरोबर वहिवाटदाराचाही उल्लेख होता. केंद्राच्या सन्मान निधीचा आधार भूमिअभिलेख हाच असल्याने, दुसऱ्याची जमीन मक्त्याने कसणारा त्यास पात्र ठरत नाही. शब्द उदार झाला. त्याची व्याप्ती मात्र आकुंचित झाली.