तापमानवाढ आणि गवताळ प्रदेशातील मृदा-सूक्ष्मजीव

जागतिक तापमानवाढीमुळे गवताळ प्रदेशांच्या मृदेतील सूक्ष्मजीवांची रचना व कार्य बदलते आणि त्याचा परिणाम कार्बन चक्रावर होतो. जगातील मृदेच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन साठलेला असून तो वातावरणातील कार्बनपेक्षा बराच अधिक आहे. त्यामुळे या साठ्याचा अल्पसा भाग हवेत मिसळला, तरी पृथ्वीच्या तापमानात भर पडू शकते.

कार्बन चक्रातील स्थान

अरण्यात कार्बनचा मोठा साठा वृक्षांच्या खोडांत असतो. गवताळ प्रदेशात मात्र तो मुख्यतः जमिनीखाली असतो. गवताची दाट मुळे दरवर्षी मृदेत सेंद्रिय द्रव्याची भर घालतात. जीवाणू व कवके विकरांच्या साहाय्याने त्याचे विघटन करतात. त्यातील काही कार्बन ऊर्जानिर्मितीच्या वेळी कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो, तर काही सूक्ष्मजीवांच्या शरीरात सामावला जातो. मृत सूक्ष्मजीवांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना चिकटून दीर्घकाळ टिकू शकतात. सूक्ष्मजीव व मुळे यांच्या श्वसनातून मृदेबाहेर पडणाऱ्या वायूच्या या प्रक्रियेला ‘मृदाश्वसन’ म्हणतात.

दुष्टचक्राची शक्यता

पुरेसा ओलावा असल्यास तापमान वाढताच विकरांची क्रिया सामान्यतः जलद होते. विघटन वाढले की अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हवा अधिक तापते आणि विघटनाला पुन्हा वेग येतो. याउलट, उष्ण व लांबलेल्या हंगामात गवताची वाढ अधिक झाल्यास काही कार्बन मृदेत परत येतो. कोणती बाजू वरचढ ठरेल, हे मोठ्या प्रमाणात सूक्ष्मजीवांच्या प्रतिसादावर अवलंबून असते.

ओक्लाहोमा येथील प्रयोग

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील उंच गवताच्या प्रेअरीत १९९९ साली एक दीर्घकालीन प्रयोग सुरू झाला. जमिनीच्या वर टांगलेल्या अवरक्त तापकांनी गवताचे छोटे वाफे सुमारे २ अंश सेल्सिअसने तापवण्यात आले व न तापवलेल्या वाफ्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. काही वाफ्यांतील गवत दरवर्षी कापले जाई, जेणेकरून चाऱ्यासाठी होणाऱ्या कापणीचा परिणामही समजावा.

यीची लुओ व सहकाऱ्यांनी २००१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. तापवलेल्या वाफ्यांतील मृदाश्वसनाची तापमानाविषयीची संवेदनशीलता कमी झाल्याचे त्यांना आढळले. म्हणजेच मृदा काही अंशी उष्णतेशी जुळवून घेत होती.

कारणमीमांसा

या घटनेची एकाहून अधिक स्पष्टीकरणे दिली जातात. सहज विघटन होणारे द्रव्य लवकर संपल्याने किंवा माती कोरडी पडल्याने श्वसन मंदावू शकते. तसेच सूक्ष्मजीवांचा समुदायही बदलू शकतो. जिझोंग झोऊ व सहकाऱ्यांनी २०१२ साली याच प्रयोगातील सूक्ष्मजीवांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमानवाढीने सहज विघटनशील कार्बनशी संबंधित जनुकांना चालना मिळाली. मात्र लिग्निनसारख्या चिवट द्रव्यांचे विघटन करणाऱ्या जनुकांना ती मिळाली नाही. त्यामुळे जुना साठा टिकून राहण्यास मदत होत असावी, असे अनुमान त्यांनी काढले. पोषकद्रव्यांच्या चक्राला गती मिळून वनस्पतींच्या वाढीसही हातभार लागत होता.

जैवविविधतेवरील परिणाम

ओक्लाहोमातच २००९ साली सुरू झालेल्या दुसऱ्या प्रयोगात मृदेचे तापमान सुमारे ३ अंश सेल्सिअसने वाढवण्यात आले. त्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष चिंताजनक होते. जीवाणूंची प्रजाती-विविधता ९.६ टक्के, कवकांची १४.५ टक्के, तर प्रोटिस्टांची ७.५ टक्के घटली होती. याचा अर्थ असा, की जुळवून घेण्याची ही प्रक्रिया जैवविविधतेच्या हानीसह घडू शकते.

मर्यादा

एका प्रेअरीतील निष्कर्ष जगातील सर्व गवताळ प्रदेशांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तिबेटच्या पठारासारख्या थंड प्रदेशांत विघटन कमी तापमानामुळे रोखले जाते व मृदेत कार्बनही विपुल असतो. तेथे उष्णता वाढल्यास मोठी हानी संभवते. दख्खनच्या निमकोरड्या माळरानांवर मात्र पावसाळी ओलावा हा निर्णायक घटक असतो. त्यामुळे हवामानाच्या प्रतिमानांत तापमानाबरोबरच ओलावा, वनस्पतींचे प्रकार आणि सूक्ष्मजीवांचे अनुकूलन यांचाही विचार करणे आवश्यक ठरते.